बाकल्याचा हिवाळा

डरहॅम, इंग्लंड
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय जनकोजीमामा,

नमस्कार. तुमचं चार ओळींचं पत्र काल मिळालं. पाकिटावरची तिकिटं फाटू नयेत म्हणून अवनीने ते मला वाफेवर धरून उघडायला लावलं. "फोन आता मला सोयीचा नाही, पत्र लिहीत जा," एवढंच तुम्ही लिहिलंत. तब्येत बरी आहे ना? ऑगस्टमध्ये एकदा तुमचा फोन येऊन गेला, तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. नंतर कितीदा लावला तरी बंदच लागतो.

असो, पत्र तर पत्र. चेन्नईत नुंगंबाक्कमला तुमच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं राहिलो, पण भाडेकरू असल्यासारखं एक दिवस वाटलं नाही. पुराच्या वेळी मला सातवा महिना होता, देवेश कारखान्यात अडकलेला, आणि तुम्ही शोळिंगनल्लूरच्या माझ्या ऑफिसपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलात. अवनीच्या दर वाढदिवसाला ही गोष्ट मी तिला सांगते. आता तीच मला सांगते, आणि तिच्या गोष्टीत पाणी तुमच्या गळ्यापर्यंत आलेलं असतं.

इकडची बातमी म्हणजे मी शेतकरी झाले आहे! इथे गावाबाहेरच्या जमिनीचे लहान लहान तुकडे करून लोकांना भाजीपाल्यासाठी देतात. उन्हाळ्यात देवेशने हौसेने एक घेतला. सध्या त्याला वेळ नाही, म्हणून मी बघते. शेजारच्या तुकड्यावर एक म्हातारेबुवा आहेत. ते म्हणाले, "नोव्हेंबरात लावता येईल असं एकच पीक आहे, ब्रॉड बीन्स. बर्फातून जगतात आणि जूनमध्ये शेंगा देतात." मग मी आणि अवनीने दोन ओळी लावल्या. बोटाएवढ्या खोल खड्ड्यात एक एक बी, अंगठ्याच्या पेराएवढं मोठं. उंदीर उकरून नेतात म्हणून वर काटेरी पानांच्या फांद्या पसरल्या. छत्तीस बिया आहेत. बघू.

देवेशचा नमस्कार.

तुमची
कल्पना

----

नुंगंबाक्कम, चेन्नई
५ डिसेंबर २०२४

चि. सौ. कल्पनेस जनकोजी रावचे आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दोन वेळ वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. माझी मराठी तुला ठाऊकच आहे. आमचे लोक तंजावरास येऊन साडेतीनशे वर्षे जाहली. तेव्हाची भाषा आम्ही पेटीत घालून ठेविली आणि वरून तमिळ मसाला घातला. हसू आले तर हास, पण अवनीस वाचून दाखव. पाणी गळ्यापर्यंत नव्हते, हेही तिला सांग. नको, सांगू नको.

गेल्या शनिवारी वादळ आले. दोन दिवस पाऊस थांबेना. समोरच्या घरचे बादामाचे झाड रस्त्यात आडवे जाहले, आमच्या गच्चीतले तुळशीचे कुंडे फुटले. बाकी सर्व ठीक.

तू ब्रॉड बीन्स लाविलेस म्हणून मला फार आनंद जाहला. आमच्या भाजीवाल्याच्या पाटीवर अवरैक्कायचे, तुमच्याकडच्या घेवड्याचे, इंग्रजी नाव तेच लिहिलेले असते. माझी पत्नी राजसबाई होती तेव्हा थंडीत आमच्या जेवणात अवरैक्काय एक दिवस चुकत नसे. वेल चढावयास चांगला मांडव घाल. मी मुद्दाम जॉर्ज टाउनात जाऊन जुन्या बियांच्या दुकानात विचारून आलो, की थंड देशात हा वेल कसा जगवावा. चिठ्ठीवर लिहून विचारले. त्या गृहस्थाला वाटले मी बहिरा आहे, म्हणून त्यानेही चिठ्ठीवरच उत्तर दिले: "जगणार नाही." तू त्याचे ऐकू नको.

एक विचारावयाचे आहे. देवेशचे वडील त्र्यंबकराव कसे आहेत? आमच्याकडे ते महिनाभर राहिले, तेव्हापासून आमचे मैत्र. मी ऑक्टोबरात त्यांना वर्ध्यास पत्र टाकिले, उत्तर आले नाही. ते कधी असे करीत नाहीत. त्यांना माझी आठवण दे.

जनकोजी राव

----

डरहॅम
१२ जानेवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

आधी सोपं तेवढं सांगते. ही अवरैक्काय नव्हे. हिला आपल्याकडे बाकला म्हणतात असं मी शोधून काढलं. वेल नसतो, सरळ चौकोनी दांड्याचं झुडूप असतं. डिसेंबरात छत्तीसपैकी एकतीस उगवली, वीतभर झाली. पहाटेच्या दहिवराने ती रोज जमिनीवर लोळायची आणि दुपारी पुन्हा उभी राहायची. अवनी म्हणायची, "आई, ही शाळा नको म्हणून झोपून राहतात." मग नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडलं, आणि नंतर उणे नऊपर्यंत थंडी गेली. मी पांढरं पातळ कापड टाकून कडेला विटा ठेवल्या होत्या. वाऱ्याने ते कापड कुंपणाला नेऊन लावलं. परवा जाऊन पाहिलं तर सगळे शेंडे काळे पडलेत, शिजवलेल्या पालकासारखे.

मी तिथेच चिखलात बसून रडले. बाकल्यासाठी नाही.

मामा, त्र्यंबकबाबा गेले. एकोणतीस सप्टेंबरला, झोपेतच. तुमचं वय बघता पत्रातून कसं कळवावं, म्हणून मी लपवलं. चुकलं माझं.

आदल्या संध्याकाळी त्यांचा देवेशला फोन आला होता. तो कामावर होता. "उद्या रविवार, निवांत बोलेन," म्हणून त्याने उचलला नाही. पहाटे शेजाऱ्यांचा फोन आला. विमानाने पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यापासून तो खिडकीशी बसून असतो. कामावर जात नाही. अवनीने काही विचारलं तर मान हलवतो. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या दिल्यात, त्या घेतो. मला एकदाच म्हणाला, "बाबांना काहीतरी सांगायचं होतं, आणि मी फोन नुसता वाजू दिला."

मला तुमच्याकडे एक मागायचं आहे. तुम्ही त्याला एकदा फोन करा. फोन सोयीचा नाही म्हणालात, कान गेले असतील तर असू देत, तुम्हाला ऐकू आलं नाही तरी चालेल. तुम्ही फक्त बोला. जिन्याच्या खालून "देवेशा, कापी तयार!" म्हणून कॉफीला हाक मारायचात ना, ती अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. तो तुमचा आवाज ऐकेल. माझा आता त्याला ऐकू येत नाही.

कल्पना

----

नुंगंबाक्कम, चेन्नई
२ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पना,

तुझे पत्र हाती घेऊन मी गच्चीत बसलो ते ऊन डोक्यावर आले तरी उठलो नाही. त्र्यंबकराव गेले. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना माझा नमस्कार पोचो.

आता तू मागितलेस ते मजपाशी असते तर त्याच घटकेस दिले असते. पण माझे कान शाबूत आहेत, पोरी. माझा आवाज गेला.

ऑगस्टच्या वीस तारखेस माझे घशाचे ऑपरेशन जाहले. स्वरयंत्रात गाठ होती, ते पूर्ण काढावे लागले. गळ्याला पुढे एक छिद्र केले आहे, त्यातून श्वास घेतो, त्यावर सुती फडके बांधितो. माझी मुलगी श्रीदेवी तिरुच्चीहून येऊन दोन महिने राहिली. तिला मी शपथ घातली की कल्पनास कळवायचे नाही. कारखान्यात तीस वर्षे यंत्रांच्या वर आवाज काढून माणसे चालविली, तो मी पाटीवर लिहून दूध मागतो, हे तुम्हाला कळू नये असे वाटले. गर्व, दुसरे काय.

पण आता देवेशसाठी लिहितो. हे त्याला वाचून दाखव, किंवा त्याच्या हाती दे.

देवेशा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून हा आवाज नाही. कोणाशी बोलायचे असेल तर आज बोला." मी तिघांना फोन लाविला. धाकट्या भावाशी तंजावरास बोललो. मग कल्पनास लाविला. तिने उचलला नाही. मी पुन्हा लाविला नाही. पूर्ण वाजू दिला आणि कानाशी धरून बसलो. मला काय वाटले ते तुला सांगतो, कारण हे सांगणारा मीच उरलो आहे. मला राग नाही आला, वाईटही नाही वाटले. वाटले, तिकडे दुपार आहे, पोर कामात आहे, तिचे घर चालले आहे, आणि त्या घरात माझा फोन वाजतो आहे. एवढे मला पुरले. मला काही सांगावयाचे नव्हते. फक्त तिचे नाव माझ्या आवाजात एकदा घ्यावे, इतकेच होते. ते मी फोन ठेविल्यावर घेतले.

तिसरा फोन तुझ्या बाबांना. त्यांनी उचलला. पाऊण तास बोललो. माझ्या जुन्या आवाजात मी शेवटचा ज्यांच्याशी पोटभर बोललो ते त्र्यंबकराव. मी त्यांना म्हटले, "कल्पनाने उचलला नाही." ते हसले आणि म्हणाले, "देवेश पण पुष्कळदा उचलत नाही. तो उचलत नाही तेव्हा मी समजतो की पोरगं कामात आहे, आणि निवांत झोपतो. उचलला की मात्र काळजी वाटते, आज हा रिकामा कसा?" हे त्यांचे शब्द. मी एक अक्षर वाढविलेले नाही. मी त्यांना म्हटले होते की माझे ऑपरेशन मुलांना सांगू नका. त्यांनी तो शब्द पाळला. एवढी गोष्ट पोटात ठेवणारा माणूस तुझ्यावर रुसून गेला असेल काय?

ते त्या रात्री निवांत झोपले, देवेशा. तू उचलला नाहीस म्हणून.

कल्पना, तुझ्या रोपांचे मला काही कळत नाही. त्या म्हाताऱ्यास विचार. माझ्यासाठी रडू नको. मी इडली खातो, चालतो, आणि सकाळी झाडांना पाणी घालतो. श्वास चालतो आहे. हेच फार आहे.

जनकोजी

----

डरहॅम
२३ मार्च २०२५

प्रिय मामा,

मी देवेश. कल्पनाच्या अक्षराऐवजी माझं अक्षर बघून चष्मा पुसू नका, हे मीच लिहितोय.

तुमचं पत्र कल्पनाने मला दिलं आणि ती अवनीला घेऊन बाहेर गेली. मी ते वाचलं. मग "मी एक अक्षर वाढविलेले नाही" या ओळीवर परत परत गेलो. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, तरी मी शोधत होतो की कुठे माझी समजूत घालायला लिहिलंय का. "आज हा रिकामा कसा" हे वाचलं आणि शोधणं थांबवलं. ते वाक्य बाबांचंच. दुसऱ्या कुणाला ते सुचणार नाही.

मी खूप रडलो, मामा. सप्टेंबरपासून पहिल्यांदा. त्यानंतर मला तुमचा रागही आला. एवढं ऑपरेशन झालं आणि तुम्ही कळवलं नाहीत? मी आलो असतो. तुमच्या खाटेशी बसायला मला आवडलं असतं. हा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

दोन दिवसांनी रविवार होता. अवनी बूट घालत होती. म्हणाली, "बाबा, मेलेली झाडं उपटायला चल, आईचे हात दुखतात." मी गेलो. शेजारचे म्हातारेबुवा कुंपणापलीकडून ओरडले, "उपटू नका! आधी खाली बघा!" गुडघे टेकून माती बाजूला केली तर काळ्या दांड्याच्या बुडाशी, अगदी मातीलगत, फिकट हिरवे कोंब होते. एकेका रोपाला दोन दोन, तीन तीन. ते म्हणाले, या जातीचं असंच असतं, वरचं मेलं तरी बूड सहसा मरत नाही. त्यांनी कात्री दिली. मी काळे शेंडे कापले, बुडाशी माती चढवली. वाऱ्याने हलून मुळं सैल होतात म्हणून चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सुतळीचा कठडा केला. एकतीसपैकी तेवीस जगलीत. अवनी रोज मोजते.

मी एकदम बरा झालो असं समजू नका. गोळ्या चालू आहेत. दर बुधवारी एका बाईंशी बोलायला जातो, त्या नुसतं ऐकतात. या महिन्यापासून अर्धा दिवस कामावर जातो. काही सकाळी अजून उठवत नाही. पण रात्री झोप लागते.

तुम्ही आणि बाबा त्या पाऊण तासात आणखी काय बोललात? आठवेल तेवढं लिहा. मला घाई नाही.

तुमचा
देवेश

----

डरहॅम
२२ जून २०२५

मामा,

देवेशला तुम्ही एप्रिलमध्ये लिहिलेलं अकरा पानी पत्र त्याने मला दाखवलेलं नाही. अधूनमधून मात्र ते वाचताना तो हसतो. बाबांनी तुमच्या गच्चीत लुंगी नेसून पाहिली, ती सुटली, एवढंच मला सांगितलंय.

बाकल्याला मेमध्ये फुलं आली. पांढरी, आणि प्रत्येक पाकळीवर काजळाचं बोट लागल्यासारखा काळा ठिपका. वास इतका गोड की वाऱ्याबरोबर फाटकापर्यंत येतो. ओल्या मोगऱ्यात थोडा मध मिसळावा तसा. मग काळा मावा आला, शेंड्यांवर बारीक बारीक किडे. म्हातारेबुवांनी शिकवलं तसे आम्ही कोवळे शेंडे खुडले, आणि मावा नव्हता तेवढे लसूण घालून परतून खाल्ले. गेल्या रविवारी पहिली टोपली भरली. शेंग आतून पांढऱ्या मखमलीची असते, बी त्यात बाळासारखं झोपलेलं. देवेशने ओटा ताब्यात घेतला आणि वर्ध्याला बाबा वालाची करायचे तशी झणझणीत उसळ केली. म्हातारेबुवांनाही बोलावलं. ते घामाने भिजले, दोनदा वाढून घेतलं, आणि म्हणाले, "पन्नास वर्षं हे पीक घेतोय, आज चव कळली."

जेवताना देवेश अवनीशी शाळेवरून भांडला. चांगलं मोठ्याने भांडला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता एक कबूल करायचं आहे. तुमचा ऑगस्टमधला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये नव्हते. डबा खात होते. स्क्रीनवर तुमचं नाव दिसलं आणि मनात आलं, मामा बोलायला लागले की अर्धा तास जाईल, संध्याकाळी करू. संध्याकाळी विसरले. लावला तो चार दिवसांनी. देवेशला तुमच्या पत्राने सोडवलं, पण त्याच पत्रात मी अडकले. "पोर कामात आहे" असं तुम्हाला वाटलं, आणि पोर भात खात होती. हे न सांगता तुमचे आशीर्वाद घेत राहणं मला जमेना.

तुमचे उपकार कुठून मोजायचे मला समजत नाही. पुरापासून धरले तरी या वर्षीचेच जड होतात. ऑक्टोबरात आम्ही तिघं चेन्नईला येतोय. तिकिटं काढली.

कल्पना

----

नुंगंबाक्कम, चेन्नई
१३ जुलै २०२५

चि. सौ. कल्पना, चि. देवेश आणि चि. अवनी यांस अनेक आशीर्वाद.

कल्पना, तू भात खात होतीस हे वाचून मी हसलो. आवाज येत नाही, पण खांदे हलतात, आणि भेटीस आलेली श्रीदेवी घाबरून धावत आली. अगे, कामात असण्यापेक्षा जेवत असणे चांगले नव्हे काय? त्या दिवशी भीतीने मला एक घासही गेला नाही. आपल्या माणसांपैकी कोणी एक तरी तेव्हा स्वस्थ बसून जेवत होते, हे आज कळले. मला पुरे. आता हा विषय येथे संपला. अडकून राहू नको.

फुलांच्या वासाबद्दल लिहिलेस ते चार वेळ वाचले. नाकातून श्वास जात नाही म्हणून मला आता वास फारसा येत नाही. डॉक्टर गुरुमूर्ती जांभई दाबल्यासारखी एक युक्ती शिकवितात, तिने कापीचा थोडा येतो. मोगऱ्यात मध, हे तू लिहिलेस आणि मी डोळे मिटून बसलो, तर खरेच आला. पुढे भाजी शिजताना जे जे वास येतील ते सारे लिहीत जा.

उपकारांचे म्हणशील तर हिशेब उलटा आहे. तू फोन मागितलास म्हणून मला माझी गोष्ट कोणापाशी तरी उघडावी लागली. तोवर मी फडके बांधून घरात दडून होतो. तुम्हास लिहून टाकिले, आणि दुसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांकडे जाऊन म्हटले, म्हणजे पाटीवर लिहिले, की मला बोलावयास शिकवा. गळ्याशी धरावयाचे एक लहान यंत्र आहे. त्यातून रेडिओ बिघडल्यासारखा आवाज निघतो. भाजीवाला प्रथम दचकला, आता नक्कल करितो. अवनीस आधी सांगून ठेव, नाही तर भिऊन जाईल. नाही, ती नाही भिणार.

इस्पितळात माझ्यासारखाच एक वादिराज म्हणून आहे, पूर्वी शाळेत गणित शिकवीत असे. आम्ही दोघे दर गुरुवारी वॉर्डात जातो. ज्यांचे ऑपरेशन उद्या आहे, किंवा कालच जाहले आहे, त्यांच्यापाशी बसतो. काही विशेष करीत नाही. आम्हाला पाहून त्यांना कळते, की यानंतरही मनुष्य शर्ट घालून, बस पकडून, दुसऱ्याला भेटावयास येऊ शकतो.

गेल्या गुरुवारी एक बंदरावरचा कामगार होता, दांडगा गडी, भिंतीकडे तोंड करून निजलेला. त्याच्या बायकोने मला विचारले, "हे पुन्हा बोलतील का हो?" मी यंत्र गळ्याशी लाविले आणि म्हटले, "बोलतील. आधी जेवू द्या." त्या आवाजाने तो वळला. मग त्याने हात पुढे केला आणि यंत्र मागितले, नुसते बघावयास. मी दिले.

ऑक्टोबरात या. वरची खोली झाडून ठेवितो. आता पुरे करितो, आज गुरुवार नाही, पण तो गडी उद्या घरी जाणार म्हणून त्याच्या बायकोने बोलाविले आहे, आणि वादिराज खाली रिक्षात बसून हॉर्न वाजवीत आहे.

तुमचा
जनकोजी